पाटी खरी की गाईड?

मला सांगा, जुनी हवेली बघायला गेलात तर विश्वास कोणावर ठेवाल? भिंतीवरच्या पाटीवर की गाईडवर? आमच्या रविवारच्या कंपूला मात्र विचारू नका. आमचे किस्से दुकानातल्या चिंचेसारखे, एक उचलायला जावं तर चार चिकटून येतात!

माझं इथे परदेशात, लिटिल इंडिया वस्तीत मसाल्याचं दुकान. गिऱ्हाइकांतूनच हा कंपू जमला. त्यातल्या शैलावहिनी बुकित तिमाहला राहतात. नवरा प्रकाश दिवसभर हार्बरफ्रंटच्या शिपिंग ऑफिसात. एकदा म्हणाल्या, "भाऊ, या कॉन्डोत माझ्याशी इंग्रजीत बोलते ती फक्त लिफ्ट!" म्हणून एका जुन्या चिनी व्यापाऱ्याच्या, नव्याने दुरुस्त केलेल्या हवेलीत त्यांनी हौशी गाईड व्हायचं ठरवलं. तीन रविवार चाचणी. परीक्षक मिस लिम, श्रोते आम्ही. नापास झाल्या तर परत लिफ्टच!

*

पहिल्या रविवारी दारातच पूर्वजांच्या तसबिरी दिसल्या. कंपूतल्या सगळ्यांत थोरल्या नेनेकाकूंनी चपला काढल्या, मग आम्हीही. मागून आलेल्या जर्मन मंडळींनी मुकाट्याने आपले बूट रांगेत लावले. मिस लिम धावत आल्या. "हा नियम कोणी केला?"

"माझ्या आईने!" नेनेकाकू म्हणाल्या.

*

दुसऱ्या रविवारी वहिनी सांगत होत्या, "हा खांब मूळचा सागवानी." माझा हात शिवशिवला. टिचकी मारल्याशिवाय माल कसा मानायचा? मारली. अलार्म वाजला, गार्ड आला!

"सागवानच आहे," मी त्याला खात्री दिली.

*

हवेलीच्या मधल्या चौकाला छप्पर नाही. "पाऊस घरात आला की लक्ष्मी आली, असं मानत," वहिनी म्हणाल्या.

नेनेकाकूंची नात लगेच इथल्या ढंगात, "आंटी, आमच्या फ्लॅटमध्ये पण येते लाह! मम्मीने प्लंबर बोलावला!"

*

तिसरा रविवार निकालाचा. नववधूच्या खोलीशी आल्यावर वहिनींची वाचाच बसली. मिस लिम पेन सरसावून उभ्या. प्रकाशरावांना एसीत घाम! तेवढ्यात नेनेकाकू लग्नघरच्या सवयीने दारात आडव्या आल्या.

"शैला, नवरीची खोली ना? नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही."

वहिनींच्या तोंडून आपसूक निघालं,

"नक्षीदार दाराला सोन्याची आरास,
प्रकाशरावांचं नाव घेते, आज करा मला पास!"

मिस लिमनी अर्थ विचारला. नवी नवरी दारात नवऱ्याचं नाव कसं गुंफून घेते, हे सांगता सांगता वहिनींचं इंग्रजी असं सुटलं, की माडी संपली तरी थांबेना. पास!

*

काही महिन्यांनी पुण्याचे पाहुणे घेऊन मी पुन्हा गेलो. गाईड दुसराच, इथला, भलताच गंभीर. नववधूच्या दारात हात आडवा करून उभा राहिला.

"आत जायचं तर जोडीदाराचं नाव घ्या. या घराण्याची फार जुनी चाल आहे."

पाहुण्यांनी माझ्या कानात विचारलं, "शेठ, हा थापा मारतोय का?"

मी पाटीकडे बघितलं. पाटी नवी कोरी होती. तिच्यावरही तेच!

आता हिशोब तुम्हीच मांडा, पण सचोटीने हं. ही चाल कोणाच्या खात्यावर लिहायची?