टँकरवरची चर्चा

देवासच्या एका खासगी शाळेत मी नववीला सामाजिक विज्ञान शिकवायची. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही महाराष्ट्रातून इथे आलो होतो. शाळेत इंटरनेट आलं तेव्हा मी हौसेने वर्गासाठी ऑनलाइन चर्चागट उघडला. पुस्तक घोकून कुणी नागरिक होत नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना ऐकवत असे. पहिला प्रश्न टाकला: तुमच्या मोहल्ल्यात पाणी कसं येतं?

पाणीटंचाईचे दिवस. मुलं इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहायची. एका मराठी शिंप्याच्या मुलीने लिहिलं, की टँकर आधी शाळेच्या संचालकांच्या बागेत उभा राहतो, उरलंसुरलं आमच्याकडे येतं. मी तीन दिवस स्वतः पाहिलंय, असंही तिने लिहिलं. खाली मुलांचे प्रश्न आले. ड्रायव्हरला विचारलंस? पालिकेत कुणाला भेटायचं? एकाने लिहिलं, अर्ज करू या. मला वाचताना भरून आलं.

दोन दिवसांनी प्राचार्यांनी बोलावलं. "मॅडम, ये पढ़ाई है या नेतागिरी? अभी हटाइए."

ते शेजारी उभे राहिले आणि मी सगळं पुसलं.

पुढच्या आठवड्यात शाळा बघायला अधिकारी आले. पडद्यावर माझाच चर्चागट. कॉम्प्युटरच्या सरांनी आदल्या दिवशी बसून मुलांच्या नावाने मजकूर भरला होता: पाणी वाचवा, आमची शाळा आदर्श शाळा. त्या मुलीच्या नावाने तर संचालकांचे आभार मानले होते! टाळ्या पडल्या. मला शाल-श्रीफळ मिळालं आणि मी ते हसून घेतलं. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वर्गात उभी राहिली. "मॅडम, ते मी लिहिलंच नाही."

"माहीत आहे."

"मग माझं कुठे गेलं?"

"मी पुसलं."

ती खाली बसली. मला काय सुचलं कोण जाणे, मी फळ्यावर पालिकेला द्यायचा अर्ज लिहिला. मुलांनी तो कागदावर उतरवला, सह्या केल्या. कागद तिच्यापाशी आला.

"आधी तुम्ही करा," ती म्हणाली.

नोकरी डोळ्यांपुढे आली. मी पेन उचललं नाही. तिने कागद तसाच पुढे सरकवला.

अर्ज आम्हा दोघींच्या सहीविना गेला. टँकर पूर्वीसारखाच बागेत उभा राहत राहिला, आणि मी नववीला नागरिकांची कर्तव्यं शिकवत राहिले.