जागेवर नसलेली खार

आमच्या दप्तरखान्याच्या खिडकीबाहेर एक झाड आहे. शेंड्यावर रोज सकाळी दयाळ पक्षी गातो आणि खोडावरून एक खार दिवसभर वरखाली करते. दयाळ कधीही पाहावा, त्याच फांदीवर. खारीचा मात्र नेम नाही.

एकदा चहाच्या वेळी मी म्हणालो, "आपल्याकडेही हीच जोडी आहे." थोरले कारकून म्हणजे दयाळ, आवाज गोड, खुर्ची कधी सोडत नसत. दुसऱ्या कारकून बाई म्हणजे खार. सगळे हसले. बाईही हसल्या. "सर, खार एका जागी बसली तर खाणार काय?" म्हणाल्या आणि फडकं घेऊन मांडण्यांमध्ये शिरल्या. तेव्हापासून त्या खारूताई झाल्या.

अकराला फेरी मारायची आणि कोण जागेवर आहे त्याची वहीत खूण करायची, ही माझी सव्वीस वर्षांची शिस्त. खारूताईंच्या नावापुढे बहुधा फुलीच असे. दोघांपैकी एकाला दूरच्या शाखेत पाठवा, असा वरून आदेश आला. मी वही उघडली, फुल्या पाहिल्या आणि त्यांचं नाव कळवलं. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, हे मला ठाऊक होतं.

त्या एवढंच म्हणाल्या, "अकराला मी मांडण्यांत असते, सर. हाक मारली असती तर ओ दिली असती."

त्या शाखेत रुजू झाल्या आणि पुढच्याच आठवड्यात एक जुनी फाईल लागली. दयाळ खुर्चीतूनच म्हणाले, "ते बाईंनाच माहीत, सर. माझ्याही फायली त्याच काढून द्यायच्या."

शेवटी मीच मांडण्यांत शिरलो. प्रत्येक गठ्ठ्यावर बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी होती. "वाळवी होती, झटकली." "पान सुटलं होतं, शिवलं." खाली तारीख आणि वेळ. अकरा, अकरा पाच, अकरा दहा.

चूक माझी आहे असं लिहून मी बदली रद्द करण्याची विनंती केली. वर्षभर फेरबदल नाही, असं उत्तर आलं. मी चार महिन्यांनी निवृत्त होणार होतो.

मग फोन केला. "खारूताई," म्हणालो आणि जीभ चावली.

"बोला ना सर. फाईल सापडली का?"

"सापडली. सासूबाई कशा आहेत?"

"दिरांकडे ठेवल्यात. रविवारी जाते मी."

माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिकडून कुणीतरी त्यांना हाक मारली. "ओ, आले!" म्हणत त्यांनी फोन ठेवला.