गुडघ्यावरचा खिसा

काडेपेटी मी गुडघ्यावरच्या खिशात ठेवली आणि मांडीभर पाण्यातून नाला पार केला. पलीकडे जाऊन खिशाची चेन उघडली, तर आत काड्यांचा लगदा.

पुण्याहून मेव्हणी आणि साडू आले होते. साडू गड चढणारे. फोन केला की नवा किल्ला सर झालेलाच असतो. म्हणून मीही फोनवर ठोकून दिलं होतं, "इंदूरला या, जंगलात कंड्यांवर बाफले खाऊ घालतो. चूल माझी." कणकेचे गोळे बायकोनं सकाळी घरीच उकळून घेतले होते. गोवऱ्यांवर भाजायचं तेवढं माझ्याकडे.

तयारीत मी कसूर केली नव्हती. नायलॉनचं झकपक जॅकेट दुकानात अंगावर चढवून परत ठेवलं. एक ठिणगी उडाली की त्याची चाळण होते. विस्तवाजवळ ऑफिसचा जुना, पूर्ण बाह्यांचा सुती शर्टच खरा. जीन्स भिजली की दिवसभर गार आणि जड, म्हणून पातळ, चटकन वाळणारी पॅन्ट घेतली. तिला खिसेच खिसे. सियागंजातून लाकडी मुठीचा साधा सुरा आणला आणि एक चकमकीची कांडी. ती पाहून बायको म्हणाली होती, "घरात लायटर असताना?"

तो लायटर अर्थात घरातच होता.

"काय इंदूरकर," दगडावर ऐसपैस बसत साडू म्हणाले, "बाफले कच्चेच खायचे का?"

"रुको तो भिया," मी म्हणालो.

आमच्यात विडी ओढणारं कोणी नाही, याचं पहिल्यांदाच वाईट वाटलं. कांडीवर सुऱ्याची पाठ घासली. ठिणग्या दिवाळीसारख्या उडाल्या, पण गोवरी ढिम्म. मेव्हणीनं पिशवीतला चिवडा काढायला घेतला. चिवडा निघाला असता, तर तो किस्सा पुण्यात जन्मभर पुरला असता.

तेवढ्यात मला बायकोची डबी आठवली. नाल्याकाठच्या महादेवाला दिवा लावायचा म्हणून तिनं वाती आणि तूप घेतलं होतं. एक कोरी वात मागून घेतली, पिंजून मऊ केली, गोवरीच्या चुऱ्यावर ठेवली आणि पुन्हा घासलं. कापसानं ठिणगी झेलली. वर तुपाची धार. भप्प!

"ओहो!" साडू उठून उभेच राहिले.

बाफले खरपूस झाले. साडूंनी तिसऱ्यांदा तूप मागितलं आणि कांडी कुठे मिळते तेही विचारलं. मी हात मागे बांधून त्यांना सविस्तर समजावलं, की जंगलात जाणाऱ्यानं कपडा सुती घ्यावा, हत्यार साधं घ्यावं.

बायको भांडी आवरत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "अहो, आता गाडीची रिमोटवाली चावी कोणत्या खिशात आहे, तेही समजावून सांगा."