दिंडोरीचं लिथियम आणि आमची शेजारीण

दगडासमोर हात जोडणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात, पण दगडाची आपुलकीनं विचारपूस करणारी बाई अख्ख्या नाशकात एकच होती आणि ती आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहत होती. कॉलेजात ती भूशास्त्र शिकवायची. सोसायटीत सगळे तिला 'दगडवाल्या मॅडम' म्हणत आणि तिला पदवी मिळाल्यासारखं वाटे. तिच्या बाल्कनीतल्या कुंड्यांत रोपं कमी, खडक जास्त. लग्नाला गेली की नवरानवरीच्या आधी ती कार्यालयामागे कुठे विहीर खणलीय का ते पाहून येई. एकदा परिषदेला निघाली असताना ओझरच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं तिची बॅग उघडली आणि डोळे विस्फारून विचारलं, "मॅडम, यात नुसते दगडच आहेत?" "मग खनिजांच्या परिषदेला काय द्राक्षं घेऊन जाऊ?" असं म्हणून तिनं त्याला एकेका दगडाची ओळख करून द्यायला घेतली. शेवटी मागची रांगच गयावया करू लागली, तेव्हा कुठे त्याची सुटका झाली.

दुःख एकच होतं, तिच्या विषयाला मुलं येत नसत. ज्यांना दुसरीकडे कुठेच प्रवेश मिळाला नाही अशी दोन-चार पोरं वर्गात बसत, आणि त्यांतलीही निम्मी दिवाळीपर्यंत पळ काढत. विभाग बंद करायची भाषा दरवर्षी निघे. ही मात्र रिकाम्या बाकांसमोर सभागृह भरल्यासारखी खणखणीत शिकवे. मग इलेक्ट्रिक गाड्या आल्या, लिथियम आणि कोबाल्ट ही नावं बातम्यांत येऊ लागली, आणि आमच्या बाईसाहेबांना माहेरची माणसं टीव्हीवर दिसल्यासारखा आनंद झाला. सिग्नलला कुणी इलेक्ट्रिक स्कूटरवर शेजारी थांबला की ही काच खाली करून सांगे, "काका, तुमच्या बुडाखाली अर्ध्या जगाच्या खाणी आहेत बरं का!" काका घाबरून सीट चाचपत.

अशातच दिंडोरीकडच्या एका शेतकऱ्याचा तिला फोन आला. द्राक्षबागेत विहीर खणताना चमकणारे खडे निघाले होते आणि गावानं ते लिथियमच असल्याचं ठरवून टाकलं होतं. गाडी मी चालवली. आम्ही पोहोचलो तर विहिरीभोवती गाव जमलेलं, खड्यांना हळदकुंकू वाहिलेलं. हिनं एक खडा उचलला, उन्हात फिरवला आणि जिभेनं चाटला. दगड ओला झाला की त्याचा खरा रंग दिसतो म्हणून ती तसं करते हे मला ठाऊक होतं. गावाला वाटलं, मॅडम चव बघताहेत. सगळे श्वास रोखून उभे.

"दादा, हा झिओलाइट आहे," ती म्हणाली. "दिसायला फार सुंदर, पण लिथियम नाही. आपल्या काळ्या दगडात ते मिळायची आशाच नाही."

शेतकऱ्याचा चेहरा उतरला. त्यानं दुसरा खडा धोतराला पुसून पुढे केला. "मॅडम, अजून एकडाव चाटून बघा ना. ह्यो लय खोलातला हाय."

तिनं तोही मनोभावे चाटला. हसायची कुणाची छाती नव्हती. मग तिथंच दगडावर बसून हे स्फटिक लाव्हाच्या बुडबुड्यांत कसे वाढले ते तिनं असं रंगवून सांगितलं की शेतकरी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या लिथियम. ह्ये मी घरात मांडून ठिवतो."

परतताना गाडीत मात्र तिनं तिथला एक खडा हातात फिरवत ठेवला होता. म्हणाली, "अगं, मला नुसतं 'नाही' सांगता येतं. ते असतं कुठं, जमीन न नासवता काढायचं कसं, जुन्या बॅटऱ्यांतून परत मिळवायचं कसं, यातलं मला काही येत नाही. ते शिकायचंय." पुढच्याच महिन्यात दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत याच कामाची जागा निघाली आणि पन्नाशी उलटलेल्या या बाईनं अर्ज ठोकला. मुलाखतीत कुणीतरी विचारलं, "या वयात नवा विषय झेपेल?" ही म्हणाली, "सर, आमचा नाशिकचा दगड साडेसहा कोटी वर्षांचा आहे आणि आमच्या शास्त्रात त्याला तरुण म्हणतात." समिती हसली. निवड झाली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. विनोद नाही, दगड नाही. "तिथली सगळी माणसं माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची असतील गं. मला हसतील का?" मी तव्यावरची गरम दशमी तिच्या हातावर ठेवली. ती तिनं उभ्यानंच संपवली आणि दुसरी मागितली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आता ती रविवारी फोन करते. मागे सतत पोरांचा गलका असतो. भट्टी, आम्ल, बॅटरीची काळी पूड, कुणाचा प्रबंध, असलं काहीबाही ती भराभरा सांगते आणि माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच म्हणते, "थांब हं, मुलं आलीत, नंतर बोलू." फोन बंद होतो. मी तो थोडा वेळ कानाशी तसाच धरून बसते. तिला आता माझ्यासाठी वेळ नसतो, याचा मला फार आनंद होतो. आणि मग चहा करायला उठते, तो एकटीपुरता.