आतून लावलेलं ठिगळ

कपडेपटाच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशेजारी, टाचणीबाईंचं एक बुटकं लाकडी स्टूल असे. पोशाख अंगावर चढवून नट आरशासमोर छाती फुगवायला लागला की बाई म्हणत, "झालं कौतुक? आता बसून दाखवा." एकतीस वर्षांत बाईंनी चार सुपरहिरो शिवले होते. त्यातले दोघे त्या स्टुलावर बसले आणि त्यांचं चाललं. दोघांना बसता आलं नाही, ते दणकून आपटले. हाताखालच्या मुलीने एकदा विचारलंच, "पण बाई, उडणाऱ्या माणसाला बसता कशाला यायला हवं?" बाई म्हणाल्या, "मग घरी जाऊन काय छताला लटकतो?"

टाचणीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कामाच्या वेळी त्यांच्या ओठांत कायम पाच-सहा टाचण्या असत, म्हणून पडलेलं नाव. त्यामुळे खोलीत त्या बोलत कमी आणि हुंकार जास्त देत. जे बोलायचं ते टाचण्या संपल्यावर, आणि टाचण्या काही लवकर संपत नसत.

त्या चौघांपैकी एकावर बाईंचं फार प्रेम होतं. टीव्हीवरच्या मालिकेतला होता तो. तिसऱ्याच आठवड्यात त्याच्या विजारीचं कापड गुडघ्यांशी सैल पडून पोंगे आले. बाई नवी विजार शिवायला बसल्या, तर दिग्दर्शक म्हणाला, राहू द्या, हा दिवसभर लोकांसाठी धावतो, गुडघे लोंबणारच. मालिका चार वर्षं चालली. पोरं पत्रातून चित्रं काढून पाठवायची आणि प्रत्येक चित्रात गुडघ्याला पोंगे असायचे. बाईंना जे कळायचं होतं ते तेव्हाच कळलं.

पाचवा सुपरहिरो आला तो मात्र बाईंच्या घरातून.

बाईंचे थोरले भाऊ, दादा, मुलांच्या एका साप्ताहिकात चित्रकथेची शेवटची दोन पानं काढत. एकोणीस वर्षं काढली. त्या पानांवरचा छत्रीवीर दिवसा फुटपाथवर बसून छत्र्या दुरुस्त करायचा आणि कुणी हाक मारली की मोडक्या छत्रीचं काळं कापड पाठीला बांधून उडायचा. उडायचा म्हणजे काय, वारा असेल तर उडायचा. वारा पडला की हाही पडायचा. कधी मासळीच्या टोपल्यांत, कधी हेडमास्तरांच्या मांडीवर, एकदा तर ज्या चोराला पकडायचं त्याच्याच हातगाडीत. पोरं साप्ताहिक उघडायची ती मागून, या आठवड्यात हा कुठे पडला ते बघायला. पडायचा, कंबर चोळायचा, उठायचा आणि काम पुरं करायचा. बस, एवढाच त्याचा पराक्रम.

त्याच्या काळ्या कापडावर एक निळं ठिगळ होतं. साप्ताहिक दोनच रंगांत छापलं जायचं, काळ्या आणि निळ्या, आणि दादांनी तो निळा रंग एकोणीस वर्षं फक्त त्या ठिगळासाठी राखून ठेवला. ठिगळ कुठून आलं हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. दोघं भावंडं लहान असताना वडिलांची छत्री फाटली होती आणि आठ वर्षांच्या बहिणीने आपल्या फ्रॉकचा घेर कापून तिला ठिगळ लावलं होतं. तिच्या आयुष्यातली ती पहिली शिलाई, आणि टाके असे की जणू कोंबडी नाचून गेली. फ्रॉक कापला म्हणून धपाटा मिळाला तो वेगळाच. उरलेला वीतभर निळा तुकडा बाईंनी शिवणाच्या डब्यात पन्नास वर्षं जपला होता.

छत्रीवीरावर सिनेमा काढायचा म्हणून एक दिग्दर्शक दादांच्या घरी आला, तोपर्यंत काचबिंदूने दादांची नजर गेल्यात जमा होती. उजेड-अंधार तेवढा कळायचा. दिग्दर्शक लहानपणीचे अंक बांधून घेऊन आला होता. कोणत्या अंकात तो कुठे पडतो हे त्याने घडाघडा म्हणून दाखवलं, दोनदा त्याचा गळाही भरून आला. दादा विरघळले. म्हणाले, "बाकी काय हवं ते करा. ठिगळाला मात्र हात लावायचा नाही."

"शब्द देतो," दिग्दर्शक म्हणाला.

"तुमचा शब्द राहू द्या तुमच्यापाशी. कपडे आमची चिमणी शिवणार ना? मग झालं." चिमणी म्हणजे टाचणीबाई. साठीला टेकलेल्या बाईला चिमणी म्हणणारं जगात आता तेवढं एकच माणूस उरलं होतं.

पुढे जे झालं ते सांगतानाही तोंड कडू होतं.

पोशाख ठरवायची बैठक एका काचेच्या खोलीत भरली. टेबलाभोवती सातजण. यातल्या एकाच्याही हातून आयुष्यात शर्टाचं बटण लागलं नसेल. बाईंनी काळं कापड आणलं होतं, त्यावर तो निळा तुकडा टाचून दाखवला. पहिला म्हणाला, गरीब वाटतो. दुसरा म्हणाला, खेळणी काढायची तर ठिगळ साच्यात बसत नाही. तिसरीला काळं कापडच पटेना, तिला चामडं हवं होतं, चकाकणारं. चौथा म्हणाला, "हा पडतो कशाला पण? लोक हसतील ना!" पाचव्याने सुचवलं की याच्या बापाचा खून झालेला दाखवू, म्हणजे जरा वजन येईल. सहावा फोनमध्ये बघत होता आणि प्रत्येकाला बरोबर म्हणत होता. सातवा दिग्दर्शक. अंक तोंडपाठ असलेला, गळा भरून येणारा. तो टेबलाकडे बघत म्हणाला, "मूळ भावना जपली म्हणजे झालं."

बारभाईंचा कारभार तो! कुणा एकाने छत्रीवीराला मारलं असतं तर त्याला निदान खुनी तरी म्हणता आलं असतं. इथे प्रत्येकाने चिमूट चिमूट काढून घेतलं आणि हात पुसले.

बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. चौथ्याचं ते 'लोक हसतील' ऐकून त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. अहो, हसायलाच तर येत होती पोरं! पडल्यावर हसायची आणि उठल्यावर जीव टाकायची. हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण ओठांत टाचण्या होत्या. हे कारण बाईंनी पुढे स्वतःला पुष्कळदा दिलं.

पोशाख तयार झाला. आत फोमचे स्नायू, वर रबर, त्यावर चामडं, आणि पाठीला चामड्याचाच झगा. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणावं तर मारुतीला निदान उडता तरी येतं, याला जिना उतरता येईना. नट बिचारा भला होता. बाईंनी स्टूल पुढे सरकवलं, "बसून दाखवा." तो वाकला, फोम करकरला, गुडघे अर्ध्यावरच अडकले आणि तो तसाच हवेत लटकून हसला, "बाई, मला ना लघवीला जायलासुद्धा दोन माणसं लागतात." दिग्दर्शक म्हणाला, "बसायचा एकही प्रसंग नाहीये." बाईंनी स्टूल पायाने टेबलाखाली ढकललं.

आणि दादा रोज संध्याकाळी फोन करत. "चिमणे, ठिगळ लावलंस?"

तीन दिवस बाई "अजून नाही" म्हणाल्या. चौथ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना जेवायला जाऊ दिलं, पाठीवरचा झगा उलटा केला, आणि तो पन्नास वर्षं जपलेला निळा तुकडा आतल्या बाजूने अस्तरावर शिवला. टाके बारीक, एकसारखे. वरून काही दिसत नव्हतं. त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा म्हणाल्या, "लावलं दादा."

"व्वा! मला ठाऊक होतं."

खोटं तर बोलले नाही ना मी, असं बाईंनी मनाला बजावलं. पण त्या रात्री त्यांनी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. त्या सातजणांची किळस येत होती तोवर बरं होतं, तिचं तोंड त्यांच्याकडे होतं. आता तिचं तोंड आपल्याकडेच वळलंय असं बाईंना वाटू लागलं.

सिनेमाचा पहिला खेळ दुपारचा होता. थिएटरच्या दारातच तो पोशाख एका पुतळ्यावर चढवून ठेवला होता, भोवती दोरी. बाई दादांचा हात धरून आत आल्या. दादांनी दहा वर्षांनी कोट घातला होता, केस चोपून बसवले होते. "कुठाय?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "आधी जागेवर बसू या ना." दादा ऐकतात कसले! काठीने दोरी चाचपली, तिच्याखालून वाकून गेले आणि पुतळ्याच्या पाठीवर हात ठेवला. पहारेकरी पुढे झाला, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून थांबला.

दादांची बोटं झग्यावरून फिरली. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, पुन्हा एकदा. सगळं गुळगुळीत. मग हात झग्याच्या आत गेला आणि एका जागी थबकला. कडेकडेने अंगठा फिरवत दादांनी ठिगळाचे चारही कोपरे मोजले.

"फ्रॉकचंच आहे ना हे?"

"हो."

"टाके सुधारले तुझे," दादा म्हणाले. एवढंच. हात काढून घेतला आणि म्हणाले, "चल, आत जाऊ."

सिनेमा सुरू झाला. दादांना पडद्यावर नुसते लखलखाट कळत होते, म्हणून बाईंनी कानाशी लागून सांगायचं ठरलं होतं.

"काय करतोय आता?"

"ओरडतोय."

"कशाला?"

"त्याच्या बापाला मारलंय कुणीतरी."

"अगं, त्याचा बापही छत्र्याच दुरुस्त करायचा. त्याला कोण मारेल?" दादा मोठ्याने म्हणाले. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी मागे वळून बघितलं.

इमारती पडत होत्या, पूल पडत होते, हेलिकॉप्टरं पडत होती. दर पाच मिनिटांनी दादा विचारत, "तो पडला का?" बाई म्हणत, "नाही." चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही. थिएटर पोरांनी भरलेलं होतं आणि तासाभरात एकाही पोराच्या हसण्याचा आवाज आला नव्हता. खुर्च्यांचा करकर आवाज आणि वेफर्सच्या पिशव्या, एवढंच. आंधळ्याला याहून जास्त काय सांगायचं? मध्यंतराला दादा उठले आणि म्हणाले, "घरी जाऊ."

सिनेमा आठवडाभरात उतरला. सातजणांनी सात कारणं दिली. परीक्षा चालू होत्या, जाहिरात कमी पडली, लोकांना सुपरहिरोचा वीट आला. वीट आला म्हणे! लोकांना वीट सुपरहिरोचा येत नाही. ज्याला कंबर दुखत नाही, ज्याला बसता येत नाही, ज्याला घर नाही, अशा रबराच्या बाहुल्याचा येतो. पण हे त्यांना सांगणार कोण?

पोशाख कंपनीच्या गोदामात गेला. बाई आपला तुकडा मागायला गेल्या, तर तिथला कारकून म्हणाला, पोशाखाला जे शिवलेलं आहे ते पोशाखासकट कंपनीचं. त्याने अस्तर उलटून ठिगळाचा फोटो मात्र काढून ठेवला.

तो फोटो पुढे कुणाकुणाच्या हाती गेला असावा. दोन महिन्यांनी कपडेपटात टीव्हीवाल्या मॅडम आल्या. छत्रीवीराची आता मालिका होणार होती. मॅडम उत्साहाने उतू जात होत्या. "बाई, आम्ही लोकांना विचारून सगळा अभ्यास केलाय. सिनेमा पडला तो ठिगळामुळे! ते बाहेर हवं होतं. लोकांना साधेपणा हवा असतो. म्हणून आम्ही आठ ठिगळं लावणार आहोत, वेगवेगळ्या रंगांची, छापील. चमकणारी. डब्यांवर, दप्तरांवर, सगळीकडे." त्यांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर बाईंच्या फ्रॉकचा तुकडा प्लास्टिकसारखा लकाकत होता, आणि टाकेसुद्धा छापलेले होते, मुद्दाम वाकडे.

 बाईंनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या.

"मॅडम, ठिगळ फाटल्यावर लावतात. तुमचा फाटलाय कुठे?"

"म्हणजे?"

"आधी त्याला पडू द्या. चारचौघांत, कंबर मोडेपर्यंत. लोकांना हसू द्या. मग कापड फाटेल. मग त्याच्या घरातलं कुणीतरी आपल्या अंगावरचं कापून ठिगळ लावेल. त्याआधी जे लावाल ते स्टिकर. ते शिवायला माणूस लागत नाही, मला कशाला विचारता?"

मॅडम गेल्या. हाताखालच्या मुलीने टाळ्याच वाजवल्या. बाईंना कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. संध्याकाळी त्या तडक दादांकडे गेल्या आणि चपला काढायच्या आतच सगळं सांगितलं, मॅडमच्या आवाजाची नक्कल करून, आपलं वाक्य तर दोनदा.

दादा खिडकीपाशी बसले होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मान हलवली.

"चांगलं बोललीस. पण हे त्या काचेच्या खोलीत बोलायचं होतं."

बाईंचा उत्साह जागीच बसला. त्या हळूच म्हणाल्या, "तेव्हा तोंडात टाचण्या होत्या, दादा."

"थुंकायच्या होत्या," दादा म्हणाले.