सीटवरचा खड्डा

बाबांच्या माघारी त्यांचा छोटा ट्रॅक्टर मौद्याच्या एका शेतकऱ्याला विकला. काटोलहून तो न्यायला मी ट्रेलर जोडलेला ट्रक भाड्यानं आणला. ड्रायव्हर पन्नाशीचा, कानाला दुपट्टा बांधलेला. फळ्यांवरून ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवताना तो सीटवर टेकलाच नाही, उभ्यानंच चालवत होता.

“बसा ना, पडाल,” मी ओरडलो.

“तुमचे बाबा चालवत होते ना? दिसूनच राहिलं. सीटमधी त्यांच्या बसण्याचा खड्डा हाये, भाऊ. मी बसलो तं मोडून जाईन तो.”

मुलगा असून मी तो खड्डा कधी पाहिला नव्हता. त्यानं कानाचा दुपट्टा सोडून सीटवर बांधला.

मौद्याला नवा मालक दुपट्टा काढून धपकन सीटवर बसला. ड्रायव्हरनं ट्रॅक्टर बांधून आणलेल्या दोराचं सुटं टोक माझ्या हातात दिलं.

“इकडं पाहा, भाऊ. मले दोर गुंडाळू लागा.”