मलमपट्टी नको, मुळापासून

आमच्या घरात शिव्या चालायच्या, पण जमिनीवर पडलेल्या पत्रकावर पाय पडला तर बाबा खवळायचे. पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत. जयंतीचे, संपाचे, नळाला पाणी येत नाही म्हणून काढलेल्या मोर्चाचे. बालवाडीत जायच्या आधी मी अक्षरं ओळखायला लागले ती त्या गठ्ठ्यांवर बसून. एलबीएस रोडवरच्या ज्या कारखान्यात बाबा कामाला होते, तो बंद पडून तिथे टॉवर उभे राहिले. बाबा त्यातल्याच एका टॉवरच्या गेटवर वॉचमन म्हणून बसू लागले. गठ्ठे मात्र पलंगाखालीच राहिले.

त्या पत्रकांमध्ये दोन शब्द कायम भेटायचे. एक मलमपट्टी, दुसरा मुळापासून. सरकार काहीही करो, ती मलमपट्टी असायची. आम्हाला हवा असायचा तो मुळापासून बदल. माझ्यासाठी हे शब्द घोषणेसारखे होते, बाबांसाठी नव्हते. ते छापलेला शब्द खरा धरून त्याप्रमाणे वागणारे. बहिष्कार म्हटलं की त्या दुकानातून काडेपेटीसुद्धा घरात यायची नाही.

बाबांना शुगर निघाली तेव्हा पालिकेच्या दवाखान्यात गोळ्या सुरू झाल्या. तिथला डॉक्टर वर बघायचा नाही. केसपेपर ओढायचा, लिहायचा, ‘चालू ठेवा’ म्हणायचा आणि पुढच्याला हाक मारायचा. किती दिवस चालू ठेवायच्या, कशाने बरं होणार, काही नाही. बाबा घरी येऊन आईला सांगायचे की गोळी खाल्ली की शुगर खाली, सोडली की वर. ही मलमपट्टी आहे. आम्ही हसायचो. मीही हसले आहे.

मग भांडुपच्या बाजारात कोणीतरी त्यांच्या हातात एक पत्रक ठेवलं. हिरव्या कागदावर वर पानं, मुळ्या, खल-बत्ता आणि मोठ्या अक्षरात: ‘मधुमेह मुळापासून नाहीसा!’ बाबांनी सवयीप्रमाणे आधी तळाची ओळ पाहिली. पत्रक कोणी काढलं हे ज्यावर लिहिलेलं नाही, ते वाचायचं नाही, हा त्यांचा नियम. इथे नाव होतं, पत्ता होता, फोन होता. बाबांच्या परीक्षेत पत्रक पास झालं.

बाबा त्या पत्त्यावर गेले. तिथल्या माणसाला सगळे वैद्यजी म्हणत. भिंतीवर कसलं प्रमाणपत्र नव्हतं, फक्त पांढऱ्या दाढीच्या कुठल्या तरी ऋषीचं चित्र. पण त्याने बाबांना खुर्ची दिली. चहा दिला. झोप लागते का विचारलं, कारखाना बंद पडला तेव्हा किती त्रास झाला तेही विचारलं. बाबा घरी आले ते खूश होऊन. हातात चूर्णाच्या पुड्या.

आमच्याकडे झाडपाल्याचं वावडं कुणालाच नाही. दारासमोर रंगाच्या रिकाम्या बादल्यांमध्ये आईची अडुळसा, तुळस, गवती चहाची झाडं आहेत. चाळीत कुणी खोकलं की आईच्या काढ्याची आठवण निघते. ती देते, आणि देताना एकच सांगते, की घशाला बरं वाटेल, पण ताप राहिला तर दवाखान्यात जा. तिच्या काढ्याने कुठलाही रोग कधी मुळापासून गेला नाही आणि ती तसं म्हणालीही नाही. पुडी उघडून तिने वास घेतला, बोटाला लावून चाखली आणि बाबांना म्हणाली, “ह्यात काय काय आहे ते विचारलंत का? माझ्या काढ्यात काय पडतं ते सगळ्या चाळीला माहितीये.”

बाबांनी विचारलं होतं. तो गुरूंचा ठेवा आहे, असं उत्तर मिळालं होतं.

बाबांनी गोळ्या बंद केल्या आणि आम्हाला सांगितलं नाही. काही आठवड्यांनी आईला कपाटात न फोडलेल्या पाकिटांची चळत सापडली तेव्हा मी त्यांच्याशी कडाक्याचं भांडले. पप्पा-बिप्पा म्हणून लाडात समजवायची माझी पद्धत नाही. मी म्हणाले, तुम्हाला वेड लागलंय.

“मूळच निघणार असेल तर वरून छाटत कशाला बसायचं?” बाबा म्हणाले. “तूच लिहितेस ना गं तुझ्या लेखांत? मुळापासून म्हणजे मुळापासून.”

त्यांना हुशारी वाटते आहे, तहान कमी झाली आहे, असं ते सांगत राहिले. आईने रोज सकाळी गोळी पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवायला सुरुवात केली. ती तिथेच पडून राहायची.

पायाला ड्युटीचा नवा बूट चावला हे बाबांना कळलंच नाही. तिथली जाणीव कधी गेली तेही कळलं नव्हतं. मोज्याला डाग दिसला तेव्हा आईने पाय पाहिला, आणि आम्ही रिक्षा करून त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं. पायाचं एक बोट काढावं लागलं. सर्जन म्हणाले, जखम भरली नाही तर पुढे पाऊलही वाचेल याची खात्री देता येत नाही. रोज ड्रेसिंग आणि इन्सुलिन. म्हणजे मलमपट्टीच. पण आता ह्या मलमपट्टीवर बाबांचा पाय अवलंबून होता.

मी ते हिरवं पत्रक घेऊन वैद्यजीकडे गेले. बाकांवर लोक बसले होते. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. त्याने आवाज चढवला नाही. पत्रक माझ्याकडूनच मागून घेतलं, माझ्याच पुढ्यात पसरलं आणि म्हणाला, “गोळी बंद करा, असं कुठे लिहिलंय? दाखवा, मॅडम.”

मी वाचलं. पुन्हा वाचलं. नव्हतं लिहिलेलं. पत्रकांवर बसून वाचायला शिकलेली मी, आणि शब्दांत पकडता आलं नाही मला त्याला. छापलेल्या शब्दाला जागणारा माणूस अडकावा आणि छापणारा सहीसलामत सुटावा अशा बेताने ते वाक्य जुळवलेलं होतं. बाकावरची एक बाई मला म्हणाली, “ताई, ओरडू नका. हे निदान बोलतात तरी आमच्याशी.”

तिचं ते वाक्य मला वैद्यजीपेक्षा जास्त झोंबलं, कारण ते खरं होतं. त्या दिवसापासून माझा राग दोन ठिकाणी वाटला गेलाय. एक वाटा ह्या खोटारड्याला. दुसरा त्या दवाखान्याला, जिथे बाबांना वर्षानुवर्षं कुणी मान वर करून एक वाक्य सांगितलं नाही. लोक अडाणी म्हणून पुड्यांच्या मागे जातात असं सुशिक्षित लोक मला सांगतात, तेव्हा मला त्यांचे कान उपटावेसे वाटतात. माझे बाबा अडाणी नाहीत. त्यांना उत्तर हवं होतं, आणि जिथे खुर्ची मिळाली तिथे त्यांनी ते घेतलं.

ड्रेसिंगसाठी पालिकेच्या दवाखान्यात जायला लागलो तेव्हा तिथे नवीन डॉक्टरीण आली होती. तीही घाईतच. बाबांनी तिचा हात केसपेपरवरून पुढे जायच्या आत विचारलं, “हे औषध किती दिवस?”

तिने वर पाहिलं. “आयुष्यभर, काका. तुमचा हा आजार आता मुळापासून जाणार नाही. रोज आवरून धरायचा.”

बाबा म्हणाले, “एवढंच सांगायला पाहिजे होतं.”

बाहेर आल्यावर मी त्यांना सांगितलं की मी पत्रक काढणार आहे, भांडुपच्या त्याच बाजारात वाटणार आहे, मजकूरही तयार आहे. बाबांनी मोबाइलवर तो वाचला. लांबलाय म्हणाले. मग म्हणाले, काढ, पण त्याला शिव्या कमी दे आणि गोळी सोडू नका हे सगळ्यात वर घे. बारीक अक्षरात टाकू नकोस.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगच्या रांगेत बाकावर शेजारी एक माणूस बसला होता. त्याच्या पिशवीतून तो हिरवा कागद डोकावत होता. बाबांनी त्याला हटकलं. पुडी घ्यायची तर घे रे, पण इथली गोळी सोडू नकोस, असं सांगितलं. त्या माणसाने बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, तुम्ही काय डॉक्टर आहात का?

बाबांनी पट्टी बांधलेला पाय चपलेतून काढला आणि त्याच्यासमोर धरला.

“हे वाच,” ते म्हणाले.